कोंडलेल्या उंटाची गोष्ट

२०२५च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला आणि आमच्या कँटीनमध्ये चहाच्या ग्लासांशेजारी मोबाइलवर पट दिसू लागले. तीन-तीन मिनिटांचे डाव. एक संपला की लगेच दुसरा. हरलेल्याला आपण का हरलो हे कळत नाही, आणि जिंकलेल्यालाही का जिंकलो ते कळत नाही. खेळणारे वाढले याचा मला आनंदच आहे. पण एखादा जुना डाव पुन्हा मांडून त्याच्यावर दोन संध्याकाळी घालवणारं कुणी मला अजून तिथे भेटलेलं नाही.

साहित्य मंडळाच्या अंकात बुद्धिबळाचं काय काम, असा प्रश्न मला बैठकीत विचारला गेला. माझं उत्तर साधं आहे. आपण कवितेचं रसग्रहण करतो. हा शब्द इथे का, दुसरा का नाही, ही ओळ आधीच्या कुठल्या ओळीला उत्तर देते, असं विचारत जातो. चांगला डावही असाच वाचता येतो. फक्त त्याची अक्षरं वेगळी आहेत, आणि ती शिकायला एक दुपार पुरते.

अडचण बहुतेकांना होते ती ओपनिंगपाशी, म्हणजे डावाच्या पहिल्या दहा-पंधरा चालींपाशी. ओपनिंग हा पाठांतराचा विषय आहे असं आपल्याकडे घट्ट बसलंय. आमच्या आंतरवर्गीय स्पर्धेत अकरावीतला एक मुलगा पहिल्या सात चाली धडाधड खेळला. नावासकट पाठ होत्या. आठव्या चालीला समोरच्याने पुस्तकात नसलेली चाल केली. चाल तशी वाईटच होती, पण ती वाईट का हे या मुलाला सांगता येईना. वीस मिनिटं तो पटाकडे बघत बसला आणि मग एक उंट फुकट देऊन आला. त्याला चाली माहीत होत्या. त्या चालींनी कुठला प्रश्न सोडवायचा होता, ते कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून मी एकच डाव घेतोय. फक्त २३ चालींचा. १५ जानेवारी २०१३, नेदरलँड्समधलं वाइक आन झे हे समुद्रकाठचं गाव, टाटा स्टील स्पर्धेची चौथी फेरी. पांढऱ्या मोहऱ्यांनी आर्मेनियाचा लेव्हॉन अरोनियन, काळ्या मोहऱ्यांनी तेव्हाचा जगज्जेता विश्वनाथन आनंद. पट मांडून बसा. मोबाइलवरचा नको, लाकडी किंवा प्लॅस्टिकचा, हाताने मोहरे हलवता येतील असा. उभ्या पट्ट्यांना डावीकडून ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच. आडव्या पट्ट्यांना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८. एवढं आलं की पुढचं सगळं वाचता येईल.

पहिल्या चार चाली अशा. पांढऱ्याचं प्यादं डी४, काळ्याचं डी५. पांढरं प्यादं सी४, काळं सी६. पांढरा घोडा एफ३, काळा घोडा एफ६. पांढरा दुसरा घोडा सी३, आणि काळ्याचं प्यादं ई६.

इथे थांबा. काळ्याचा सी८वरचा उंट बघा. तो तिरपा बाहेर पडणार तो डी७, ई६, एफ५ अशा वाटेने. आता ई६वर त्याचंच प्यादं येऊन बसलंय. घरातल्या माणसानेच बाहेरून कडी घालावी तसं. मग ई६ खेळायचंच कशाला? कारण डी५च्या प्याद्याला जोर हवा होता आणि दुसऱ्या उंटाला, म्हणजे एफ८वरच्याला, वाट मोकळी करायची होती. म्हणजे काळ्याने एक सोय करून घेतली आणि त्याची किंमत म्हणून एक उंट कोंडून घेतला. या मांडणीला सेमी-स्लाव म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल, उंट विसरू नका. इथून पुढे काळ्याच्या प्रत्येक चालीला एकच प्रश्न विचारा: सी८च्या उंटाचं काय?

पाचवी चाल: पांढऱ्याचं प्यादं ई३. आता गंमत अशी की पांढऱ्यानेही तेच केलं. त्याचा सी१वरचा उंट ई३च्या प्याद्यामागे अडकला. दोघांच्या घरात एकेक उंट कोंडलेला. काळ्याने दुसरा घोडा डी७ला आणला आणि सहाव्या चालीला पांढऱ्याने आपला मोकळा उंट डी३ला काढला.

आणि याच क्षणाची काळा वाट बघत होता. सहाव्या चालीला काळ्याच्या डी५च्या प्याद्याने सी४चं प्यादं मारलं. ते त्याला आधीही मारता आलं असतं. मग आत्ताच का? कारण पांढऱ्याचा उंट डी३ला येऊन बसलाय, आणि आता मारलेलं प्यादं परत मारायला त्याला पुन्हा उठावं लागणार. तो सी४ला गेला. लगेच सातव्या चालीला काळ्याचं प्यादं बी५: उंटावर हल्ला. आठव्या चालीला उंट परत डी३. मोजा. डी३, सी४, डी३. एका घरावर पोचायला उंटाच्या तीन चाली झाल्या. दरम्यान काळ्याने बी५ची जागा घेतली, आणि बी प्यादं पुढे गेल्यामुळे बी७चं घर रिकामं झालं. सी८च्या उंटाला पुढची वाट बंद होती, त्याला बाजूची खिडकी मिळाली.

या युक्तीला मेरान म्हणतात. मेरान किंवा मेरानो हे आज इटलीत असलेलं, आल्प्सच्या पायथ्याचं गाव. १९२४मध्ये तिथे झालेल्या स्पर्धेत अकिबा रुबिनस्टाइनने ग्र्युनफेल्डविरुद्ध ती वापरली आणि गावाचं नाव तिला चिकटलं. हे नाव लक्षात ठेवा, मेरानचं नव्हे, रुबिनस्टाइनचं. तो पुढे परत येणार आहे.

आठव्या चालीला काळ्याचा उंट डी६. नवव्या चालीला दोघांनी किल्लेकोट केला. दहाव्याला पांढऱ्याचा वजीर सी२ला आला, काळ्याचा कोंडलेला उंट शेवटी बी७ला. खिडकीत आला खरा, पण बाहेरचं दिसत नाही, कारण सी६वर त्याचंच प्यादं पडद्यासारखं उभं आहे. अकराव्या चालीला पांढऱ्याचं प्यादं ए३, काळ्याचा हत्ती सी८. आता सी प्यादं पुढे सरकवायचं, म्हणजे पडदाही बाजूला आणि हत्तीची पट्टीही उघडी, एवढंच राहिलं होतं.

तिथे अरोनियन म्हणाला, थांब. बाराव्या चालीला त्याने एफ३चा घोडा जी५ला नेला. पांढऱ्याचा वजीर सी२वर, त्याच्यापुढे उंट डी३वर, दोघंही एकाच कर्णावरून एच७च्या प्याद्याकडे बघतायत. त्यात आता घोडा. एच७ हे काळ्या राजाच्या दारातलं प्यादं. घाबरून जी६ किंवा एच६ खेळणारे पुष्कळ मिळतील. आनंदने काय केलं? सी५. आधी ठरवलं होतं तेच.

हे उद्धटपणाचं वाटतं, पण पट नीट बघा. पांढऱ्याचा घोडा एफ३वरून उठला. एफ३वर असताना तो बी७ ते जी२ या कर्णाच्या मधोमध उभा होता, आपल्या राजाच्या दारावर रखवालदारासारखा. तो हल्ल्याला गेला आणि सी६चं प्यादंही सरकलं. त्यामुळे बी७चा उंट, तोच कोंडलेला, थेट जी२वर नजर लावून बसला. मी हा डाव पहिल्यांदा पाहिला तेव्हा सगळं लक्ष पांढऱ्याच्या हल्ल्यावर होतं. दुसऱ्यांदा उंटाचा धागा धरून पाहिला तेव्हा ही चाल मला आपोआप दिसली.

तेराव्या चालीला घोड्याने एच७चं प्यादं मारलं. राजाला त्याला मारता येत नाही, कारण डी३च्या उंटाचा जोर आहे. वर तो घोडा एफ८च्या हत्तीवर बसलाय. आनंदने हत्तीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याचा घोडा एफ६वरून जी४ला गेला. आता डी६चा उंट आणि जी४चा घोडा मिळून एच२वर. पांढऱ्याने हत्ती मारायचा लोभ धरला तर उंट एच२वर शह देतो आणि मागून वजीर एच४ला येतो. म्हणून चौदाव्या चालीला अरोनियनला प्यादं एफ४ला ढकलून तो कर्ण बंद करावा लागला. पण एफ प्यादं उठलं की जी१पासून तिरपी जाणारी दुसरी वाट उघडी पडते: जी१, एफ२, ई३, डी४, सी५. एक दार लावायला गेलं की दुसरं उघडतं. काळ्याच्या सी प्याद्याने डी४ मारलं, पांढऱ्याच्या ई प्याद्याने परत मारलं, आणि पंधराव्या चालीला आनंदचा डी६वरचा उंट सी५ला आला. सरळ डी४च्या प्याद्याच्या तोंडात.

सोळाव्या चालीला अरोनियनने उंट ई२ला मागे घेतला आणि जी४च्या घोड्यावर हल्ला केला. आता काळ्याचे तीन मोहरे मरणाच्या दारात: सी५चा उंट, जी४चा घोडा, एफ८चा हत्ती. आपण असतो तर कुठला आधी वाचवायचा याचा हिशेब करत बसलो असतो. आनंदने चौथा पुढे केला. डी७चा घोडा ई५ला. तिथे त्याला पांढऱ्याची दोन प्यादी मारू शकतात.

ही चाल समजून घ्यायला वहीत एकच ओळ लिहा: घोडा ई५ला काय करायला गेला, याच्यापेक्षा तो डी७वरून का उठला? तो उठला आणि डी८च्या काळ्या वजिरासमोर डी पट्टी थेट डी४पर्यंत मोकळी झाली. समजा पांढऱ्याने एफ प्याद्याने ई५चा घोडा मारला. काळा वजीर डी४चं प्यादं मारून शह देतो. राजा कोपऱ्यात, एच१ला. मग वजीर जी१वर, पुन्हा शह. सी५च्या उंटाचा त्याला जोर आहे, म्हणून राजाला मारता येत नाही, हत्तीलाच मारावं लागतं. आणि हत्ती जी१ला आला की जी४चा घोडा एफ२ला: शह आणि मात. राजाच्या आजूबाजूची सगळी घरं त्याच्याच माणसांनी भरलेली. पटावर मांडून बघा, मुद्दाम. वाचून हे कळतं, पण बोटांना कळायला वेळ लागतो.

अरोनियनला हे दिसलं. त्याने सतराव्या चालीला उंटाने जी४चा घोडा मारला. काळ्याच्या उंटाने डी४चं प्यादं मारून शह दिला, राजा एच१, आणि ई५च्या घोड्याने जी४चा उंट परत मारला. एकोणिसाव्या चालीला पांढऱ्याच्या घोड्याने शेवटी एकदाचा तो हत्ती मारला. तरीही आनंदने तो घोडा परत मारला नाही. त्याने प्यादं एफ५ला नेलं. वरवर ही फार साधी चाल दिसते. पण तिने सी२च्या वजिराचा एच७पर्यंतचा कर्ण कायमचा बंद केला, जी४च्या घोड्याला जोर दिला, आणि आपल्या वजिराला एच४ला जायला उसंत मिळवली. मला या डावात सगळ्यात जास्त आवडते ती ही चाल. ई५च्या घोड्याचं कौतुक सगळे करतात आणि करावंच. पण एक हत्ती कमी असताना शांतपणे एक प्यादं एक घर वाचवून दोन घरं पुढे सरकवणं, हे जास्त अवघड आहे असं मला वाटतं.

विसाव्या चालीला पांढरा घोडा जी६ला आला, एच४चं घर अडवायला. काळा वजीर एफ६ला, त्या घोड्यावर. एकविसाव्याला पांढऱ्याचं प्यादं एच३, काळ्या वजिराने जी६चा घोडा मारला. जी४चा काळा घोडा आता प्याद्याच्या तोंडात आहे, पण तो मारला की वजीर एच६ला येतो आणि मात. बाविसाव्याला पांढरा वजीर ई२, काळा वजीर एच५. तेविसाव्याला पांढरा वजीर डी३ला: तिथून तो डी४च्या उंटावर हल्लाही करतो आणि तिसऱ्या आडव्या पट्टीवरून एच३च्या प्याद्याला जोरही देतो. शेवटची चाल: डी४चा उंट ई३ला. हल्ल्यातून सुटला आणि नेमका वजीर आणि एच३ यांच्या मधे येऊन उभा राहिला. जोर तुटला. अरोनियनने हार मान्य केली.

का मानली, ते बघा. काळ्याचा वजीर आता एच३चं प्यादं मारून मात करणार. त्याला जी२च्या प्याद्याने मारता येत नाही, कारण ते प्यादं जखडलेलं आहे. कुणी जखडलं? बी७च्या उंटाने. डी५, ई४, एफ३, सगळी घरं रिकामी, आणि टोकाला राजा. सी८वर कोंडलेला, बाराव्या चालीला पडदा सरकल्यावर एकदाही न हललेला तो उंट. एच३चं प्यादं जी४चा घोडा मारू शकत नाही, कारण तेही काळ्या वजिराने एच पट्टीवर जखडलंय. आणि ई३चा उंट मारला तर तिसरी पट्टी बंदच राहते, वजीर एच३वर शह देतो, राजा जी१, वजीर एच२, मात.

आता पांढऱ्याच्या बाजूला बघा. ए१चा हत्ती ए१वरच. सी१चा उंट सी१वरच. पाचव्या चालीला दोन उंट कोंडले गेले होते असं मी म्हटलं होतं. एकाने दहा चालींत वाट काढली, दुसरा डाव संपेपर्यंत घरातच राहिला. पांढऱ्याचे दोन मोहरे खेळलेच नाहीत, म्हणून एक हत्ती कमी असूनही हल्ल्याच्या जागी काळ्याचं बळ जास्त होतं.

हा डाव झाला त्याच दिवशी जाणकारांना आणखी एक डाव आठवला. १९०७, पोलंडमधलं वूच शहर. पांढऱ्याकडून रोटलेवी, काळ्याकडून तोच अकिबा रुबिनस्टाइन. धर्मशिक्षण घेणारा ज्यू मुलगा, बुद्धिबळ शिकला तो आजच्या हिशेबाने फारच उशिरा. १९१२मध्ये त्याने एका वर्षात पाच मोठ्या स्पर्धा जिंकल्या. लास्करशी जगज्जेतेपदाचा सामना ठरत होता, तेवढ्यात १९१४चं महायुद्ध आलं आणि तो कधी झालाच नाही. पुढे मनाच्या आजाराने त्याला खेळापासून आणि माणसांपासून तोडलं. १९६१मध्ये बेल्जियममध्ये तो गेला.

तो १९०७चा डाव शेजारी मांडला की अंगावर काटा येतो. ओपनिंग वेगळं आहे, पण अकराव्या-बाराव्या चालीला काळा तेच करतो: पांढऱ्याचा उंट डी३ला येईपर्यंत थांबतो, मग सी४ मारतो, मग बी५, उंट परत डी३ला, आणि आपला उंट बी७ला. म्हणजे मेरानची युक्ती, मेरानच्या सतरा वर्षं आधी. तिथेही पांढरा एफ४ खेळतो. रोटलेवीला कुणी भाग पाडलं नव्हतं, तो आपणहून खेळला. तिथेही जी१कडे जाणारा कर्ण उघडतो, काळ्याचा दुसरा उंट बी६वरून शह देतो, पांढरा राजा एच१ला जातो, आणि काळा घोडा जी४ला येतो. मग रुबिनस्टाइन आपला वजीर एच४वर मरायला सोडून देतो आणि हत्तीने सी३चा घोडा मारतो. पंचविसाव्या चालीला त्याचा एक हत्ती एच३वर उभा आहे, वजीर गेलेला आहे, आणि पांढऱ्याला एच२वरची मात टाळता येत नाही.

दोन्ही डावांत दोन उंट दोन शेजारच्या कर्णांवर. एकाने जी१चं घर बंद करायचं, दुसऱ्याने जी२-एच१चं. घोडा जी४वर. राजा कोपऱ्यात. १०५ वर्षांचं अंतर. देखणा कुठला, असं विचाराल तर मी रुबिनस्टाइनचा म्हणेन. पण त्याला रोटलेवीने मदत केली. अरोनियनने तशी मदत केली नव्हती, तो स्वतः हल्ला करत होता. म्हणून आनंदचा डाव जास्त कठीण.

इथे एक आक्षेप येतो. मंडळातल्या एका मित्रानेच तो घेतला. आनंदने डावानंतर सांगितलं होतं की ही तयारी आदल्या वर्षीच्या सामन्यासाठी झाली होती. मे २०१२मध्ये मॉस्कोत बोरिस गेलफांडविरुद्ध त्याचा जगज्जेतेपदाचा सामना झाला, बारा डावांत ६-६ अशी बरोबरी, आणि जलद डावांत आनंद जिंकला. त्या सामन्यासाठी सहकाऱ्यांबरोबर, संगणक घेऊन, शोधलेल्या गोष्टींपैकी ही एक. तिथे वापरायची वेळ आली नाही, वाइक आन झेला आली. मित्र म्हणाला, "मग हे घरून पाठ करून आणलेलं. यात थोरवी कसली?"

मी त्याला आमच्या बेळगाव-धारवाड पट्ट्यातलंच उदाहरण दिलं. गवई मैफलीला बसतो तेव्हा बंदिश घरूनच आणलेली असते. राग ठरलेला, ताल ठरलेला, जागा घोटलेल्या. पण म्हणून त्याची बढत पाठ केलेली ठरत नाही. आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं: आनंदसमोर आठ महिन्यांपूर्वीचं टिपण उघडं नव्हतं. मधल्या काळात शेकडो इतर तयाऱ्या डोक्यात येऊन गेलेल्या. नुसत्या चाली पाठ केल्या असतील तर त्या अशा वेळी राहत नाहीत. उंट कुठे बघतोय, पट्टी कधी उघडते, जी१चं घर कुणी धरायचं, ही कारणं राहतात, आणि कारणं राहिली की चाली परत बांधता येतात. अकरावीतल्या त्या मुलात आणि आनंदमध्ये हजार फरक आहेत, पण त्या आठव्या चालीला आडवा आलेला फरक हा होता.

मित्राचं समाधान झालं नाही. तो म्हणतो, संगणक नसता तर चार मोहरे मरणाच्या दारात ठेवायचं धाडस कुणी केलं असतं? मी म्हटलं, १९०७मध्ये वुचात संगणक कुठे होता? वाद अजून चालू आहे.

ओपनिंगचं एवढं प्रस्थ आपल्याकडे उशिरा आलं, याला एक कारण आहे. जुन्या देशी बुद्धिबळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं आणि राजाला एकदा घोड्याची उडी मिळायची. त्यामुळे युरोपातली पुस्तकं आपल्या पटाला लागूच पडत नव्हती. मीर सुलतान खान हा पंजाबचा खेळाडू देशी नियमांवर वाढलेला. इंग्लंडला जाऊन त्याने १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकली, कापाब्लांकाला हरवलं, १९३१मध्ये प्रागला आपल्या रुबिनस्टाइनलाही हरवलं. पण ओपनिंग ही त्याची कायम दुखरी बाजू राहिली. पाठांतर नसताना कुठवर जाता येतं आणि कुठे अडतं, दोन्ही त्याच्या डावांत दिसतं. आपल्या शेजारच्या सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात. तिथे भाऊसाहेब पडसलगीकरांनी मुलं घडवली. आपल्या भागाला हा खेळ परका नाही, एवढंच सांगायचंय.

आता तुम्हाला एखादा डाव असा वाचायचा असेल तर मी काय करतो ते सांगतो. चालींचा कागद घ्यायचा आणि त्यावर पोस्टकार्ड ठेवून एकेक चाल उघडायची. उघडण्याआधी आपली चाल ठरवायची आणि वहीत कारण लिहायचं. मराठीत, पूर्ण वाक्यात. "चांगली चाल" हे कारण नव्हे. "बी७च्या उंटाची वाट उघडते" हे कारण. पहिल्या दहा चालींना सर्वांत जास्त वेळ द्यायचा, कारण तिथे मारामारी नसते आणि आपण घाईने पुढे जातो. दोन्ही बाजूंचा एकेक अडचणीतला मोहरा शोधायचा आणि त्याच्यावर शेवटपर्यंत नजर ठेवायची. प्रत्येक ओपनिंगमध्ये असा एक असतोच. संगणक सगळ्यात शेवटी उघडायचा, तोही आपल्या वहीतल्या कारणांशी ताडून बघायला. तो चाल सांगतो, कारण सांगत नाही. ते आपणच लिहायचं असतं, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांना तेवढं लिहायला जड जाऊ नये.

पुढच्या बैठकीला मी पट घेऊन येतोय. रोटलेवी-रुबिनस्टाइन डाव सतराव्या चालीपर्यंत, पांढऱ्याचं एफ४ झालं आहे तिथपर्यंत, मांडून ठेवीन. पुढच्या नऊ चाली काळ्याच्या बाजूने कोण शोधतंय बघू. पोस्टकार्ड माझ्याकडे आहे, वही तुमची तुम्ही आणा.